जलप्रवासाची आखणी

प्रवासाचे दोन प्रकार आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. एक करावा लागणारा आणि दुसरा करावासा वाटणारा. पोटासाठी, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन सासरी जाण्यासाठी माणूस निघतो, तो पहिला. केवळ पाहण्यासाठी आणि विसाव्यासाठी निघतो, तो दुसरा. वाट तीच असते, वाहनही कधी कधी तेच असते. पण निघणाऱ्याच्या मनातील भाव मात्र सर्वस्वी निराळा असतो. समुद्राच्या बाबतीत मराठी माणसाने आजवर पहिल्या प्रकारचा प्रवासच अधिक केला आहे.

समुद्र ओलांडणे हे एके काळी आपल्याकडे धर्मबाह्य मानले जाई. १८८३ सालच्या एप्रिल महिन्यात आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या जाण्यावर समाजात मोठी टीका झाली होती. कोकणातील सामान्य माणसाला मात्र या वादाशी फारसे कर्तव्य नव्हते. त्याला परदेशी जायचे नव्हते; त्याला मुंबईला जायचे होते. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी आगबोट हीच त्याची सडक होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही त्या सडकेवरची गावे. पुष्कळ ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि पडावात बसून उतारू तिच्यापर्यंत जात. हातात वळकटी, डोक्यावर पत्र्याची ट्रंक, कडेवर मूल अशी माणसे हेलकावणाऱ्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय ठेवीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही उतारू वाहतूक बंद पडली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि ‘आगबोट’ हा शब्द म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तेवढा उरला.

त्याच पाण्यावर आता दुसऱ्या प्रकारचा प्रवास सुरू झाला आहे. २०२१ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणारे मोठे पर्यटन जहाज सुरू झाले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई बंदरात अशा जहाजांसाठी बांधलेल्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलचे उद्घाटनही झाले. ‘क्रूझ’ हा इंग्रजी शब्द आता मराठी घरांत सहज ऐकू येतो. जहाज म्हणजे गावाला पोचविणारे साधन ही कल्पना मागे पडून, जहाज हेच गाव ही कल्पना रूढ होत आहे.

आमच्या कुटुंबाने अशा जहाजाने जायचे ठरवले, ते २०२२ च्या दिवाळीत. ‘ठरवले’ हे क्रियापद लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात ते पूर्ण व्हायला दीड महिना लागला. आम्ही एकूण आठ जण. माझ्या सासूबाई, माझे यजमान आणि मी, आमची मुलगी व मुलगा आणि इंदूरला राहणारे माझे दीर, जाऊबाई व त्यांचा बारा वर्षांचा मुलगा. मूळ कल्पना या धाकट्या पुतण्याची. इंदूरच्या मुलाला समुद्राचे जेवढे अप्रूप असते, तेवढे मुंबईच्या मुलांना नसते. दिवाळीसाठी सारे आमच्याकडे जमलेले असताना त्याने प्रस्ताव मांडला आणि फराळाच्या ताटाभोवतीच चर्चेला आरंभ झाला.

पहिला प्रश्न अर्थातच पैशांचा होता. जहाजावरच्या खोलीला केबिन म्हणतात आणि तिचे भाडे बहुधा माणशी असते, खोलीमागे नव्हे. जहाजाच्या मध्यभागी असलेल्या केबिनला खिडकी नसते, ती सर्वांत स्वस्त. बाहेरच्या बाजूच्या केबिनला काचेची बंद खिडकी असते. त्याहून महाग ती केबिन, जिला छोटी बाल्कनी असते. भाड्याच्या आकड्यावर बंदराचे शुल्क आणि कर वेगळे चढतात. रोजचे साधे जेवण भाड्यात धरलेले असते. परंतु काही खास पदार्थ, खेळ आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे निराळे द्यावे लागतात. माझे दीर बँकेत हिशेबाचे काम पाहतात. त्यांनी कागदावर दोन रकाने आखले, ‘भाड्यात आहे’ आणि ‘भाड्यात नाही’. दुसरा रकाना भरत गेला तसतसे मुलांचे चेहरे उतरत गेले. मुंबई ते गोवा एवढ्या एका बाजूच्या प्रवासाचा आठ जणांचा खर्चही दीड लाखाच्या वर जाऊ लागला. तेव्हा जाताना जहाज आणि येताना रेल्वे, असे ठरले.

दुसरा प्रश्न ऋतूचा. अरबी समुद्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत खवळलेला असतो. म्हणून तर कोकणची आगबोट पावसाळ्यात बंद असे आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून कोळी बांधव होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने त्या मानाने शांत. मुलांच्या परीक्षा आणि कचेरीतील रजा यांचा मेळ घालता घालता जानेवारीचा एक आठवडा मोकळा सापडला.

तिसरा प्रश्न भीतीचा होता आणि तो जाऊबाईंनी काढला. त्यांचे माहेर अलिबागकडचे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट वादळी लाटांत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ती आषाढी अमावास्या होती. गावी सणाला निघालेल्या माणसांनी बोट खचाखच भरली होती. दुर्घटनेची बातमी मुंबईत पोचायलाही कित्येक तास लागले. जाऊबाईंच्या जन्मापूर्वीची ही घटना. पण त्यांच्या आजीने ती इतक्या वेळा सांगितली होती, की त्यांना ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटे. “ताई, मुलाला नाही म्हणवत नाही, पण माझा जीव होत नाही,” त्या मला हळूच म्हणाल्या.

अशा भीतीला हसून चालत नाही. ‘काही होत नाही’ हे उत्तर तिला पुरत नाही. तिला माहिती द्यावी लागते. माझ्या यजमानांनी ती मिळवली. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर, १९१४ साली सागरी जीवसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे त्यात वेळोवेळी सुधारणा होत गेल्या. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे प्रवासी जहाज खडकावर आदळले आणि बत्तीस जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या कित्येक प्रवाशांची आपत्कालीन कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून अशी कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. आपल्या गटाने कोठे जमायचे, लाइफ जॅकेट कसे बांधायचे, कोणत्या जिन्याने जायचे, हे त्यात दाखवतात. जाऊबाईंनी हे सारे लक्षपूर्वक ऐकले. “म्हणजे प्रत्येक नियमामागे कोणाची तरी माणसे गेलेली आहेत,” एवढेच त्या म्हणाल्या. त्यांची भीती गेली नाही; परंतु तिला एक काम मिळाले. आठही जणांनी कवायतीला वेळेवर हजर राहायचे, ही जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली.

या साऱ्या चर्चेत एक व्यक्ती गप्प होती. माझ्या सासूबाईंचे वय तेव्हा ८१ वर्षांचे होते. गुडघे दुखत, रक्तदाबाची गोळी रोजची. कोण कोणत्या केबिनमध्ये, हा प्रश्न निघताच त्या म्हणाल्या, “तुमी जावा. मी घर राखतंय.” त्यांचे सारे आयुष्य मुंबईत गेले, तरी मनातले बोलताना त्यांच्या तोंडी मालवणीच येते. दीर म्हणाले, “आई, तुला दगदग होईल हे खरं आहे.” यजमान काही बोलले नाहीत. वयाचा विचार करता त्यांचे घरी राहणेच सोयीचे, असे साऱ्यांच्याच मनात येऊ लागले होते.

तेवढ्यात मटार सोलता सोलता माझ्या मुलीने सहज विचारले, “आजी, तुला बोट लागते का गं?”

आपल्या भाषेत गाडी लागते, तशी बोटही लागते. शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय कानाच्या आत असते. बोट हलते आहे हे त्याला कळते. पण आतल्या खोलीतील भिंती डोळ्यांना स्थिर दिसतात. या दोन साक्षी जुळेनाशा झाल्या, की मळमळू लागते. म्हणून अशा वेळी बाहेर येऊन दूरच्या क्षितिजाकडे पाहावे, असे सांगतात.

“माका बोट कधी लागूक नाय,” सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. आणि मग आम्हांपैकी कोणीही पूर्वी न ऐकलेली गोष्ट त्यांनी सांगितली.

त्यांचे लग्न १९६० सालच्या वैशाखात देवगडजवळच्या गावी झाले. माझे सासरे मुंबईत कापडगिरणीत कामाला होते आणि त्यांची रजा संपत आली होती. पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्यापूर्वीच्या अखेरच्या बोटींपैकी एका बोटीने हे नवे जोडपे निघाले. एकोणीस वर्षांच्या या मुलीने त्यापूर्वी गाव सोडले नव्हते. डेकवर पथारी पसरलेली, चहूकडे आंब्यांच्या करंड्या, तेलाचा वास आणि बोट लागलेल्यांची कण्हणी. बोट किनारा उजवीकडे ठेवून उत्तरेला चालली होती. ही मुलगी उजवीकडच्या कठड्याशी बसली ती उठलीच नाही. प्रथम गावची टेकडी दिसेनाशी झाली, मग ओळखीचे माड, मग अंधार पडला आणि दीपगृहाचा उजेड तेवढा फिरत राहिला. समुद्रावरची वाट पावसाळा सरेपर्यंत बंद राहणार, हे तिला ठाऊक होते. पुढेही सुट्टीत त्या बोटीने गावी गेल्या-आल्या. पण तेव्हा कडेवर मुले होती आणि सामानावर लक्ष ठेवायचे होते.

“मी नुसतो किनारोच बघलंय,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या बाजूक काय आसा, ता बघूक गावला नाय.”

घरात क्षणभर कोणी बोलले नाही. मग दीरांनी आखलेला कागद पुन्हा पुढे ओढला आणि आखणी नव्याने सुरू झाली.

मुलांना वाटले, आजीला देवगडचा किनारा दाखवावा. पण मोठे पर्यटन जहाज खोल समुद्रातून जाते आणि मुंबई ते गोवा हे सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचे अंतर कापताना कोकणचा बराचसा किनारा रात्रीच मागे पडतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विजयदुर्गाचे बुरूज किंवा देवगडची टेकडी ओळखू येईल, अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता. हे सासूबाईंना स्पष्ट सांगणे आवश्यक होते. “आई, तुम्हांला तुमचा किनारा या जहाजातून दिसणार नाही,” मी म्हटले. त्या शांतपणे म्हणाल्या, किनारा गाडीने जाऊनही पाहता येतो. त्यांना दुसरी बाजू हवी होती.

मुंबईहून दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला राहतो आणि उघडा समुद्र उजव्या हाताला. म्हणून उजव्या बाजूची, बाल्कनी असलेली एक केबिन घ्यावी, असा विचार पुढे आला. जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे कमी जाणवतात. टोकाला आणि वर अधिक. तेव्हा केबिन शक्यतो मध्यावरची, लिफ्टपासून जवळची हवी. नकाशा पाहून तशी केबिन सापडली. पण तिचे भाडे मोठे होते. सर्वांनाच बाल्कनी परवडणारी नव्हती. माझ्या मुलाने पहिल्या दिवसापासून बाल्कनीचा हट्ट धरला होता. त्याने थोडा वेळ आकडे पाहिले आणि म्हणाला, “आपण बाकीचे आतल्या केबिनमध्ये झोपू. झोपायला खिडकी कशाला लागते?” अशा रीतीने एक केबिन समुद्राच्या बाजूची, आजी आणि नातीसाठी, आणि उरलेल्या बिनखिडकीच्या, असा निर्णय झाला. खर्चाचा आकडा जवळजवळ होता तेवढाच राहिला.

निर्णय झाला, तरी जबाबदारी होतीच. नेहमीच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी रक्तदाब तपासला, प्रवासाला हरकत नसल्याचे लिहून दिले आणि गोळ्या मोठ्या सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत, दोन दिवस अधिक पुरतील एवढ्या ठेवा, असे बजावले. मोठे सामान आधी जहाजावर जाते आणि केबिनपर्यंत पोचायला त्याला कधी कधी उशीर होतो. जहाजावर डॉक्टर असतो, पण रुग्णालय नसते, हेही लक्षात घ्यावे लागते. किनारा सुटल्यावर भ्रमणध्वनी चालत नाही. म्हणून आवश्यक क्रमांक कागदावर लिहून घेतले. आयत्या वेळी जाणे रद्द झाले तर किती रक्कम परत मिळेल, हे पैसे भरण्यापूर्वीच वाचून घेतले.

देशांतर्गत प्रवास असल्याने पारपत्राची गरज नव्हती, पण ओळखपत्रावरील नाव आणि तिकिटावरील नाव अक्षरशः सारखे हवे होते. सासूबाईंचे नाव भरताना मुलगी एकेक अक्षर मोठ्याने वाचत होती. त्यांच्या आठवणीप्रमाणे डेकच्या तिकिटावर उतारूचे नाव नसेच. “बोटीच्या कागदार माझा नाव पयल्यांदाच,” असे म्हणून त्यांनी तो छापील कागद चष्मा लावून दोनदा वाचला.

तरीही एक शंका उरलीच होती. साठ वर्षांपूर्वी बोट लागली नाही, म्हणून आता लागणार नाही कशावरून? इंदूरची मंडळी परतण्यापूर्वी आम्ही एक छोटी तालीम केली. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. ही सेवा २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली. सुमारे तासाभराचा हा प्रवास. एका सकाळी आम्ही आठही जण तिने जाऊन आलो. भाऊच्या धक्क्यावर सासूबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. ओळखीचे तिथे फारसे काही उरलेले नव्हते. बोटीवर त्या ताठ बसल्या. बोट लागली ती माझ्या यजमानांना! जाऊबाई जाताना बाकाची कड घट्ट धरून होत्या. येताना मात्र लाइफ जॅकेट कोठे ठेवली आहेत, हे त्या मुलाला घेऊन पाहून आल्या.

परतीची आखणी सर्वांत शेवटी झाली. गोव्याच्या मुरगाव बंदरात उतरायचे, तिथून मोटारीने देवगडला जायचे, दोन दिवस राहायचे आणि कणकवलीहून रेल्वेने मुंबई गाठायची. अशा प्रकारे सासूबाईंचा किनाराही प्रवासात आला.

आखणी म्हणजे तारखा आणि तिकिटे, एवढाच अर्थ आपण बहुधा घेतो. त्या दीड महिन्यात घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्याचे काहीतरी नव्याने ऐकले. जाऊबाईंची भीती कोठून आली, हे माझ्या दिरांनाही पूर्वी नीट ठाऊक नव्हते. माझ्या सासऱ्यांना गिरणीतल्या संपामुळे काम सोडावे लागले, हे मुलांना माहीत होते. पण त्यांच्या घराची मुंबईतील सुरुवात एका बोटीच्या कठड्याशी झाली, हे त्यांना त्या दिवाळीत कळले. तुमच्यापैकी कोणी इंदूरला असेल, कोणी बडोद्याला, कोणी हैदराबादला. तुमच्याही घराण्यातले कोणीतरी कधीतरी गाव सोडून, कोठल्यातरी वाहनात बसून तिथे आले असेल. पुढची सहल ठरवताना त्या प्रवासाची चौकशी करून पाहा.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही निघालो. त्या प्रवासाचे वर्णन हा या लेखाचा विषय नाही. एक लहानशी गोष्ट तेवढी सांगते. पहिल्या संध्याकाळी कवायत आटोपली, जाऊबाईंनी आठ माणसे मोजली आणि जहाज सुटले. मुंबईचे दिवे पाहायला बाकीचे सारे डावीकडच्या कठड्याशी जमले होते. सासूबाई मात्र केबिनच्या बाल्कनीत खुर्ची घेऊन बसल्या होत्या. समोर पाणी आणि आकाश यांखेरीज काही नव्हते, आणि तेही हळूहळू एक होत चालले होते. जेवणासाठी बोलवायला पुतण्या गेला आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहू लागला.

“आजी, तिकडे तर काहीच नाहीये. काय बघतेस?”

“ताच बघतंय,” त्या म्हणाल्या.